पोकरमधला निर्णय बरोबर होता का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं मुख्यतः नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाचे दोन झाकलेले पत्ते, बोर्डवर सगळ्यांचे मिळून पाच, आणि केव्हाही सगळ्या चिप्स लावायची मुभा) डोक्यात ठेवून लिहिलंय. बोर्डवर आधी तीन पत्ते येतात तो फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर; फ्लॉपच्या आधीचं ते प्रीफ्लॉप. चिप्स लावणं म्हणजे बेट, तेवढ्याच भरणं कॉल, वाढवणं रेझ, पत्ते टाकून देणं फोल्ड, काही न लावता पुढे जाणं चेक; मधे जमलेल्या चिप्स म्हणजे पॉट. ओमाहा (चार पत्त्यांचा प्रकार) खेळणाऱ्यांना विचार करायची पद्धत चालेल, टक्के मात्र चालणार नाहीत.

एक्क्यांची जोडी घेऊन प्रीफ्लॉपलाच ऑल-इन गेलो (सगळ्या चिप्स लावल्या), समोर राजांची जोडी निघाली आणि फ्लॉपवर तिसरा राजा आला. माझं काय चुकलं?

काहीच नाही. एक्के विरुद्ध राजे ही साधारण ८२-१८ ची लढत आहे. १८ टक्के म्हणजे साडेपाच वेळात एकदा हे होणारच, आणि भरपूर खेळत असाल तर कधीतरी लागोपाठ दोनदाही होणार. या हँडमध्ये शिकण्यासारखं काही नाही, पुढची हँड खेळा. उलट बाजूने राजेवाल्याचंही काही चुकलेलं नाही बरं का, तो जिंकला म्हणून "नशीबवान गाढव" होत नाही, राजे घेऊन प्रीफ्लॉप फोल्ड करणारे लोक शंभरात एखाद्या वेळी वाचतात आणि बाकीच्या वेळी पैसे सोडून देतात.

मग निकालाकडे बघायचंच नाही का?

बघायचं, पण कशासाठी ते ठरवून. तुमचा कॉल बरोबर होता का हे एका शोडाऊनवरून (शेवटी पत्ते उघडण्यावरून) ठरत नाही, पण समोरच्याने काय दाखवलं यातून *त्याच्याबद्दल* कळतं, आणि ती माहिती पुढच्या हँडला कामाची असते. म्हणजे रिव्हरवर एवढी मोठी बेट त्याने नुसत्या सेकंड पेअरवर (बोर्डवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पत्त्याशी जुळलेल्या जोडीवर) लावली हे दिसलं, तर लिहून ठेवा. लोक नेमकं उलटं करतात, जिंकलो का हरलो तेवढं लक्षात ठेवतात आणि समोरच्याने कुठल्या पत्त्यांवर काय केलं ते विसरून जातात.

आणि निकालाकडे बघून न्याय करायची सवय हरल्यावर जेवढी त्रास देते त्यापेक्षा जिंकल्यावर जास्त घात करते. हरलेली हँड माणूस रात्रभर डोक्यात घोळवतो, शंका घेतो, कुणाला तरी विचारतो. वाईट कॉल करून जिंकलेली हँड मात्र "वाचलं होतं मी त्याला" म्हणून कायमची खात्यात जमा होते आणि तोच कॉल पुढे दहा वेळा होतो.

"बरोबर निर्णय" म्हणजे नेमकं काय?

हीच परिस्थिती, हीच माहिती, असं हजारो वेळा झालं तर सरासरी किती चिप्स मिळतील, याला ईव्ही म्हणतात. फोल्ड, कॉल, रेझ यातल्या ज्याचा ईव्ही सगळ्यात जास्त तो निर्णय बरोबर. बस, व्याख्या एवढीच आहे, अवघड आहे ते मोजणं.

यात दोन गोष्टी हमखास निसटतात. पहिली, फोल्डचा ईव्ही शून्य धरायचा. पॉटमध्ये आधी टाकलेल्या चिप्स आता तुमच्या नाहीत, त्या पॉटच्या आहेत, त्यामुळे "एवढे टाकलेत तर आता सोडू कसं" हा मुद्दाच नाही (पॉट मोठा झाल्यामुळे भाव चांगला मिळतोय हा मुद्दा आहे, पण तो वेगळा). दुसरी, निर्णय नुसता फायद्याचा असून पुरत नाही. कॉल केला तर सरासरी ५ चिप्स मिळणार आणि रेझ केला तर १२, तर कॉल करून ५ कमावणं हीसुद्धा चूकच आहे. ही चूक कुणाला दिसत नाही कारण पॉट तर तुम्हीच जिंकलेला असतो.

डेव्हिड स्क्लान्स्कीचा तो सिद्धांत काय सांगतो?

पोकरवर पुस्तकं लिहिणाऱ्या या माणसाने मांडलेला पोकरचा मूलभूत सिद्धांत थोडक्यात असा: समोरच्याचे पत्ते दिसत असते तर जसं खेळला असतात त्यापेक्षा वेगळं खेळलात की नुकसान तुमचं, तसंच खेळलात की नुकसान त्याचं. विचार म्हणून झकास आहे, पण स्वतःला मार्क द्यायला वापरू नका, कारण पत्ते दिसत नसतात. राजे घेऊन एक्क्यांसमोर ऑल-इन जाणं या हिशोबाने "चूक" ठरतं आणि अशा चुकीला काही अर्थ नाही. म्हणून आता लोक एका हँडशी नाही तर रेंजशी तुलना करतात, म्हणजे इथवर असं खेळून समोरच्याकडे जे जे असू शकतं त्या सगळ्या पत्त्यांशी.

पॉट ऑड्स झटपट कसे काढायचे?

कॉलची रक्कम भागिले कॉल केल्यानंतरचा एकूण पॉट. समोरच्याने अर्धा पॉट बेट केला तर तुम्हाला २५ टक्के वेळा जिंकायला हवं, दोन तृतीयांश केला तर साधारण २९, पूर्ण पॉट केला तर ३३, दुप्पट केला तर ४०. एवढे चार आकडे पाठ असले की टेबलावर भागाकार करायची वेळ येत नाही.

आउट्सचं (तुमचा हात पूर्ण करणाऱ्या उरलेल्या पत्त्यांचं) गणित पण सोपं आहे, दोन पत्ते यायचे असतील तर आउट्स गुणिले ४, एकच यायचा असेल तर गुणिले २. फ्लश ड्रॉला (एका रंगाचे चार पत्ते आहेत, पाचवा हवा) ९ आउट्स, म्हणजे फ्लॉपवरून रिव्हरपर्यंत साधारण ३५ टक्के. दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेट ड्रॉला (सलग चार पत्ते आहेत, कुठल्याही टोकाचा पाचवा चालेल) ८, म्हणजे साधारण ३१. गटशॉटला (स्ट्रेटमधला मधलाच एक पत्ता हवा) ४, म्हणजे १६ च्या आसपास.

इथेच एक मोठा घोळ होतो तो सांगतो. गुणिले ४ वालं गणित फ्लॉपवर ऑल-इन झालं असेल तरच खरं, कारण तेव्हा दोन्ही पत्ते त्याच पैशात बघायला मिळतात. स्टॅक्स (समोर उरलेल्या चिप्स) शिल्लक असतील तर फ्लॉपवर कॉल करून तुम्ही फक्त टर्न विकत घेताय, रिव्हरसाठी तो परत बेट लावणार. मग ३५ टक्के कुठले, एका पत्त्याचे १९ टक्केच. आता फ्लश लागल्यावर तो पुढे अजून पैसे देणार असेल तर इम्प्लाइड ऑड्समुळे कॉल तरीही बरोबर असू शकतो, पण मग तसं म्हणा आणि तेच तपासा: स्टॅक मागे किती आहे, आणि बोर्डवर तिसरं इस्पिक पडल्यावर हा माणूस खरंच पैसे देतो का.

एखादी हँड पूर्ण सोडवून दाखवा ना.

घ्या. बटनवरून (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या जागेवरून) एकाने रेझ केला, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये (पत्ते बघायच्या आधीच मोठी सक्तीची बेट भरणाऱ्या जागी) चौकटचा राजा आणि किलवरची राणी घेऊन कॉल केला. फ्लॉप: इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चव्वी. टर्न किलवर दुर्री. रिव्हर बदाम सत्ती. तुम्ही तिन्ही वेळा चेक केलंत, त्याने तिन्ही वेळा बेट केला, आणि रिव्हरला पॉट ६० असताना ४० लावलेत.

आधी भाव. ४० देऊन १४० चा पॉट होणार, म्हणजे साधारण २९ टक्के वेळा तुम्ही पुढे असायला हवं.

मग तुम्हाला हरवणारं त्याच्याकडे काय काय असेल ते मोजा. एक्का-राजा: एक राजा बोर्डवर, एक तुमच्या हातात, उरले दोन, एक्के चार, म्हणजे ८ प्रकारे. एक्क्यांची जोडी ६ प्रकारे. तीन राजे १ प्रकारे. तीन नव्व्या ३, तीन चव्व्या ३. एकाच रंगाचे राजा-नव्वी २. एकूण २३. राजा-गुलामसारखे तुमच्यापेक्षा कमजोर पत्ते घेऊन तो तीन बेट लावणार नाही असं धरू (लावत असेल तर तुमचं भलंच).

आता ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना लावलेली बेट. २३ व्हॅल्यूच्या (तुम्हाला हरवणाऱ्या पत्त्यांच्या) समोर २९ टक्के व्हायला साधारण ९-१० ब्लफ लागतात. आहेत का एवढे? हुकलेले इस्पिकचे फ्लश ड्रॉ मोजा: एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-पंजी, एक्का-तिर्री, राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, हे झाले ८. त्यात इस्पिक नसलेले पण एकाच रंगाचे राणी-गुलाम, गुलाम-दश्शी असे हुकलेले गटशॉट आहेत, त्यातले चार धरले तर ब्लफ १२ पर्यंत जातात.

१२ ब्लफ असतील तर तुम्ही ३५ पैकी १२ वेळा जिंकता, कॉलमागे सरासरी ८ चिप्स मिळतात. फक्त ते ८ फ्लश ड्रॉच असतील तर साधारण ४ चिप्स जातात. आणि माणूस असा असेल की टर्नलाच घाबरून निम्मे ड्रॉ चेक करतो, म्हणजे ब्लफ ४ च उरले, तर प्रत्येक कॉलमागे १९ चिप्स जातात.

बघा, प्रश्न "टॉप पेअर चांगली आहे का" हा राहिलाच नाही. प्रश्न असा झाला की *हा माणूस हुकलेले ड्रॉ घेऊन रिव्हरला तिसरी गोळी झाडतो का?* झाडत असेल तर कॉल, नसेल तर फोल्ड, आणि तुम्ही कॉल केल्यावर त्याने तीन नव्व्या दाखवल्या म्हणून या हिशोबातला एकही आकडा बदलत नाही.

टेबलावर बसून एवढं मोजायला वेळ कुणाला असतो?

कुणालाच नसतो. हे घरी करायचं. वीसेक हँड्स अशा कागदावर सोडवल्या की टेबलावर आपोआप जाणवायला लागतं की इथे ब्लफला जागाच नाहीये किंवा इथे सगळेच ड्रॉ हुकलेत. लक्षात ठेवायला दोनच गोष्टी: कुठलीही जोडी ६ प्रकारे येते, जोडी नसलेले कुठलेही दोन पत्ते १६ प्रकारे (त्यातले ४ एका रंगाचे). एखादा पत्ता तुमच्या हातात किंवा बोर्डवर असला की हे आकडे झपाट्याने कमी होतात, जोडीचे तर ६ वरून थेट ३.

मी फोल्ड केला आणि त्याने ब्लफ दाखवला. फार मूर्खासारखं वाटलं.

वाटू दे, दाखवलाच त्यासाठी. कॉल करायला २९ टक्के लागत होते आणि तो २० टक्के वेळाच ब्लफ करत असेल तर फोल्ड बरोबर, आणि तरी पाचातल्या एका वेळी तुम्ही जिंकणारा हात टाकून देणार. तो फोल्डच्या किमतीतच धरलेला आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचं. शेवटचे दोघे उरले होते, ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फर्हा. बोर्डवर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री, त्यात तीन इस्पिक. फर्हाकडे राणी-नव्वी म्हणजे टॉप पेअर. मनीमेकरकडे राजा-सत्ती, स्ट्रेट आणि फ्लश दोन्ही हुकलेले, आणि त्याने रिव्हरला ऑल-इन केलं. फर्हाने बराच विचार करून फोल्ड केला, पुढे मनीमेकर जिंकला. टीव्हीवर दोघांचे पत्ते दिसत असल्यामुळे सगळे म्हणतात कॉल करायला हवा होता. पण खरा विचार करायचा तर दोन गोष्टी तोलाव्या लागतात. एक, बोर्ड इतका भयानक आहे की नव्व्यांच्या जोडीला हरवणारं बरंच काही असू शकतं. दोन, फर्हाच्या हातातली राणी इस्पिकची होती, म्हणजे मनीमेकरकडे फ्लश असण्याचे प्रकार तेवढे कमी झाले. माझ्या मते दुसरा मुद्दा कॉलच्या बाजूचा आहे पण तेवढ्यावर फोल्डला घोडचूक म्हणणं म्हणजे पत्ते बघून शहाणपण शिकवणं.

माझा ब्लफ पकडला गेला, म्हणजे तो चुकीचाच ना?

नाही, आकडा बघा. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनात एकदा चालला तरी तोटा नाही, पूर्ण पॉटचा निम्म्या वेळा चालला तरी पुरे. म्हणजे चांगला ब्लफसुद्धा भरपूर वेळा पकडला जाणार. उलट कधीच पकडले जात नसाल तर तुम्ही कमी ब्लफ करताय असं समजा. हां, जो माणूस कुठलीही जोडी सोडतच नाही त्याच्यावर केलेला ब्लफ चालला तरी चुकीचा, तिथे बोलाफुलाला गाठ पडली एवढंच.

"मला रीड होता" हे कारण चालतं का?

चालतं, पण तो रीड (समोरच्याकडे काय असेल याचा अंदाज) पत्ते उघडायच्या *आधी* होता का? पत्ते बघितल्यावर आपलं डोकं इतक्या सफाईने कहाणी रचतं की आपल्यालाच खरी वाटते, "त्याने चिप्स जोरात टाकल्या तेव्हाच कळलं होतं" वगैरे. उपाय साधा आहे, कॉल करायच्या आधी मनातल्या मनात एक वाक्य म्हणा: याच्याकडे अमुक आणि अमुक असेल, दहात इतक्या वेळा मी पुढे आहे. मग पत्ते बघा. महिनाभर असं केल्यावर तुमच्या "दहात चार"मधले खरंच चार निघतात का ते दिसायला लागतं. बऱ्याच जणांचे दोन निघतात.

सॉल्व्हर म्हणतो फोल्ड, म्हणजे फोल्डच बरोबर?

सॉल्व्हर म्हणजे उत्तम खेळ काढून देणारा संगणक प्रोग्राम. त्याला तुम्ही रेंज देता, बेटचे आकार देता, आणि दोघेही परफेक्ट खेळतील असं धरून तो समतोल काढतो. रेंज चुकीची दिली की उत्तर दशांशापर्यंत अचूक आणि तरीही निरुपयोगी. मशीनच्या ताकदीबद्दल शंका नाही, दोघांचा लिमिट होल्डेम अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये जवळपास पूर्ण सोडवला, २०१७ मध्ये लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० हँड्समध्ये हरवलं, २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. पण तुमच्या समोर बसलेला माणूस प्लुरिबस नसतो.

अजून एक. सॉल्व्हर म्हणाला ४० टक्के वेळा कॉल, ६० टक्के फोल्ड, की लोक वाद घालतात की बरोबर कुठलं. दोन्ही! मिक्स आहे याचा अर्थच असा की तिथे दोघांचा ईव्ही सारखा आहे. मग ठरवायचं समोरच्याकडे बघून: हा जास्त ब्लफ करणारा असेल तर शंभर टक्के कॉल, रिव्हरला कधीच ब्लफ न करणारा असेल तर शंभर टक्के फोल्ड. सॉल्व्हरचं उत्तर ही सुरुवात आहे, तिथून किती सरकायचं ते तुमच्या निरीक्षणावर.

टूर्नामेंटमध्ये हेच नियम लागू होतात का?

सुरुवातीला जवळपास हेच. बक्षिसाच्या जवळ आलं की नाही, कारण तिथे चिप्स आणि पैसे यांचा भाव सारखा राहत नाही, जिंकलेल्या चिपपेक्षा गमावलेली चिप महाग पडते. हे मोजायच्या पद्धतीला आयसीएम म्हणतात. टोकाचं उदाहरण सॅटेलाइटचं (मोठ्या स्पर्धेचं तिकीट हेच बक्षीस असलेल्या टूर्नामेंटचं): १० जणांना सारखंच तिकीट मिळणार, ११ उरलेत, तुमचा स्टॅक भरपूर, एकाकडे जेमतेम एक ब्लाइंड शिल्लक, आणि तुमच्याइतकाच मोठा स्टॅकवाला ऑल-इन आला. एक्क्यांची जोडी फोल्ड करायची. हो, एक्क्यांची! जिंकून तिकीट एकच मिळणार आणि ते तसंही मिळतंच आहे, मग बाहेर जायचा धोका कशाला? म्हणून टूर्नामेंटची हँड कुणाला विचारताना किती जण उरलेत आणि बक्षिसं कशी आहेत हे न सांगता विचारली तर उत्तराला अर्थ नसतो.

किती हँड्सनंतर कळतं की आपण बरोबर खेळतोय?

वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. समजा तुम्ही खरोखर चांगले आहात, दर १०० हँड्सला ५ बिग ब्लाइंड कमावण्याएवढे, आणि चढउतार नेहमीसारखे, म्हणजे १०० हँड्सला ९० बिग ब्लाइंडचं प्रमाण विचलन. तरी १०,००० हँड्सनंतर तुम्ही तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास निघते. १,००,००० हँड्सनंतरही ४ टक्के उरतेच. म्हणजे "या महिन्यात हरलो, माझा गेम बिघडला" आणि "या महिन्यात जिंकलो, मी भारी" दोन्ही वाक्यं सारखीच पोकळ.

ट्रॅकरमधली (हँड्सची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधली) ऑल-इन ईव्हीची रेषा बघितली तर?

थोडी मदत होते, पण ती फक्त ऑल-इन झाल्यानंतर पडलेल्या पत्त्यांचं नशीब काढून टाकते. राजे घेऊन दहा वेळा एक्क्यांना धडकलात तर ती रेषाही खाली जाणार, त्यात तुमची चूक नसली तरी.

रन इट ट्वाइस केलं (ऑल-इननंतर उरलेले पत्ते दोनदा वाटून प्रत्येक वेळी निम्मा पॉट लावला) तर निर्णय जास्त बरोबर होतो का?

नाही. ईव्ही तोच राहतो, चढउतार कमी होतात. जमत असेल तर करा.

रिव्ह्यू कुठल्या हँड्सचा करायचा?

सगळे मोठे हरलेले पॉट घेऊन बसतात, साहजिक आहे, दुखतं तिथेच हात जातो. पण त्यातले बरेच एक्के-राजे प्रकारचे असतात. मी म्हणेन आधी रोज घडणारे छोटे निर्णय बघा: बिग ब्लाइंडमधून कशाकशाला कॉल करता, फ्लॉप हुकल्यावर कितीदा सवयीने बेट लावता, स्मॉल ब्लाइंडमधून उगाच किती हँड्स खेळता. हे प्रत्येक फेरीत येतात, तिथे अर्ध्या ब्लाइंडची चूक असली तरी वर्षाला तिचा डोंगर होतो. आणि जिंकलेल्या पॉटमधलेही दोन-चार जरूर घ्या.

दुसऱ्या कुणाला हँड विचारायची तर कशी सांगायची?

शेवट न सांगता. स्टॅक्स, पोझिशन, प्रत्येक स्ट्रीटला (प्रीफ्लॉप, फ्लॉप अशा टप्प्याला) पॉट किती आणि कुणी किती लावले, समोरचा कसा खेळतो, आणि तुमचा निर्णय आला की थांबा. "मग त्याने सेट (तीन सारखे पत्ते) दाखवला" हे आधी सांगितलंत की ऐकणाऱ्याचं उत्तर तिथेच बाटलं, कितीही चांगला खेळाडू असो. आणि रिव्हरचा प्रश्न घेऊन गेलात तरी प्रीफ्लॉपपासून सांगा, कारण रिव्हरला अवघड वाटणाऱ्या निम्म्या हँड्स प्रीफ्लॉपलाच टाकायच्या होत्या.

सगळं मोजूनही कॉल की फोल्ड ठरत नसेल तर?

मग बहुतेक दोन्हीत फरक फार नाहीये. वरच्या उदाहरणात ९ ब्लफ की १० यावर डोकं फोडत बसलात तर फरक एक-दोन चिप्सचा आहे. नाणं उडवा, पुढे चला, आणि तो वेळ ज्या हँडमध्ये १९ चिप्स जात होत्या तिच्यावर घालवा.